मल्टिकास्टवर टिक करण्याआधी स्विच बघा

वाचकांचे प्रश्न : कॅमेरे आणि नेटवर्क

चवथ झाली की पुढे जत्रांचे दिवस येतात आणि माझ्या टपालात कॅमेऱ्यांचे प्रश्न वाढतात. या वेळी फोंड्याहून आलेलं एक पत्र इतकं नीट लिहिलेलं आहे की सगळ्यात जास्त जागा त्यालाच देते. कुंडईच्या आणि मोरजीच्या वाचकांनीही ते उत्तर आधी वाचावं, कारण त्यांच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे.

ताई, नमस्कार. फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थान समितीचा मी सचिव. आवारात ४ मेगापिक्सलचे २४ कॅमेरे आहेत, रेकॉर्डर कार्यालयात आहे. चित्र तीन ठिकाणी बघतो : कार्यालयात, महाद्वाराजवळ पहारेकऱ्याच्या खोलीत आणि अगरशाळेच्या, म्हणजे देवस्थानच्या निवासाच्या, काउंटरवर. जत्रेत पोलीस आणि स्वयंसेवकांसाठी आणखी तीन पडदे लावतो, तेव्हा चित्र अडकायला लागतं. म्हणून बसवणाऱ्याने सगळ्या कॅमेऱ्यांत मल्टिकास्ट कायमचं चालू करून दिलं, पत्ता सगळ्यांना एकच. झालं असं की चित्रं एकमेकांत मिसळली, अभिषेकाच्या पावत्या काढायचा संगणक रखडला आणि अगरशाळेचं वायफाय बंद पडल्यातच जमा झालं. मग त्याने वेगवेगळे पत्ते दिले, कार्यालयात नवा स्विच (नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारा डबा) बसवला आणि त्यात आयजीएमपी स्नूपिंग चालू केलं. पावत्या सुरळीत झाल्या. पण आता पडद्यावरचं चित्र चार-साडेचार मिनिटांनी गोठतं. बंद करून परत लावलं की पुन्हा तेवढाच वेळ चालतं. शिवाय अगरशाळेत मॉनिटर चालू असला की तिथलं वायफाय अजूनही मंदावतं. कॅमेरे बदलावे लागतील का?

सचिवसाहेब, कॅमेऱ्यांना हात लावू नका, ते ठीक आहेत. तुम्ही 'चार-साडेचार मिनिटं' असं लिहिलंत आणि तिथेच निदान झालं. नुसतं 'अधूनमधून अडकतं' असं लिहिलं असतंत तर उलट टपाली मलाच प्रश्न विचारावे लागले असते.

आधी मल्टिकास्ट कशासाठी असतं ते बघू. नेहमीच्या युनिकास्ट पद्धतीत प्रत्येक पडदा स्वतःसाठी वेगळा प्रवाह मागवतो. तुमच्या कॅमेऱ्याचा मुख्य प्रवाह साधारण ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट) धरला तर २४ कॅमेऱ्यांचे ९६ एमबीपीएस होतात. जत्रेत सहाही पडद्यांवर सगळं पूर्ण दर्जात लावलं तर ५७६, आणि ते एकट्या रेकॉर्डरने पुरवायचे. रेकॉर्डरच्या माहितीपत्रकात 'आउटगोइंग बँडविड्थ' म्हणून आकडा असतो, तो काढून बघा. बहुतेक वेळा तो याच्या बराच खाली असतो. जत्रेत चित्र अडकायचं ते यामुळे.

मल्टिकास्टमध्ये कॅमेरा आपला प्रवाह एका गटाच्या पत्त्यावर एकदाच सोडतो. ज्याला बघायचं तो 'मला या गटात घ्या' असं नेटवर्कला कळवतो, आणि हे कळवणं आयजीएमपी नावाच्या प्रोटोकॉलने होतं. कुळागर बघितलेल्या माणसाला हे सांगणं सोपं जातं. पाटाला पाणी वरून एकदाच सोडतात. पुढे फाटे फुटतात आणि ज्या बाजूच्या माडा-पोफळींना पाणी हवं तेवढाच बांध उघडायचा असतो. बांधावर लक्ष ठेवणारं कोणी नसलं तर पाणी सगळ्या भाटात पसरतं. नेटवर्कमधला हा लक्ष ठेवणारा म्हणजे स्विच. साध्या स्विचला आयजीएमपी कळत नाही. मल्टिकास्ट आलं की तो ते केबल लावायच्या प्रत्येक पोर्टवर सोडून देतो.

तुमच्याकडे पहिल्या दिवशी नेमकं हेच घडलं. पावत्यांचा संगणक जुना असेल तर त्याचं नेटवर्क कार्ड १०० एमबीपीएसचं. त्याने काहीही मागितलेलं नसताना ९६ एमबीपीएसचं चित्र त्याच्या वायरीत शिरलं. पावतीच्या चार ओळींना जागाच उरली नाही. आणि चोवीस कॅमेऱ्यांना एकच पत्ता, एकच पोर्ट (इथे पोर्ट म्हणजे केबलची जागा नव्हे, पत्त्यासोबत द्यायचा आकडा) दिल्यावर बघणाऱ्या प्रोग्रामला कुठलं पॅकेट कुठल्या कॅमेऱ्याचं ते वेगळं काढता आलं नाही, म्हणून चित्रांची खिचडी झाली. प्रत्येक प्रवाहाला स्वतःचा गट-पत्ता हवाच. मुख्य आणि दुय्यम (कमी दर्जाचा) प्रवाह दोन्ही मल्टिकास्टने सोडायचे असतील तर त्या दोघांनाही वेगळे.

आता ती चार मिनिटं. स्नूपिंग चालू केलेला स्विच कान देऊन असतो. पहारेकऱ्याच्या खोलीतल्या संगणकाने गटात यायचं कळवलं की स्विच आपल्या तक्त्यात ते पोर्ट लिहून घेतो आणि फक्त तिकडे चित्र पाठवतो. पण ही नोंद कायमची नसते. कोणीतरी ठरावीक वेळाने 'अजून कोण कोण बघतंय?' असं विचारायचं असतं, आणि बघणाऱ्याने 'मी आहे' म्हणायचं असतं. हा प्रश्न विचारणाऱ्याला क्वेरियर म्हणतात. मोठ्या कार्यालयांत मल्टिकास्ट कळणारा राउटर हे काम करतो. तुमच्या इंटरनेटच्या राउटरकडून ती अपेक्षा धरू नका. आयजीएमपीच्या नियमात दर १२५ सेकंदांनी प्रश्न विचारणं आणि २६० सेकंद उत्तर आलं नाही तर नाव काढून टाकणं, हे ठरलेले आकडे आहेत. २६० सेकंद म्हणजे चार मिनिटं वीस सेकंद. तुमच्याकडे कोणी विचारतच नाही, म्हणून स्विच नाव पुसतो आणि चित्र थांबतं. परत लावलं की संगणक नव्याने निरोप देतो आणि पुन्हा तेवढाच वेळ मिळतो. (काही स्विच अशा वेळी चित्र थांबवण्याऐवजी परत सगळीकडे सोडायला लागतात. मग पावत्यांचा संगणक चार मिनिटांनी रखडला असता.)

उपाय पाच मिनिटांचा आहे. कार्यालयातल्या मुख्य स्विचमध्ये, जिथे स्नूपिंग चालू केलं त्याच पानावर किंवा शेजारच्या टॅबमध्ये, 'आयजीएमपी स्नूपिंग क्वेरियर' असतो. तो चालू करा. त्याला त्याच नेटवर्कमधला आयपी पत्ता द्या, आवृत्ती २ ठेवा, १२५ सेकंदांना हात लावू नका. एवढं झालं की सगळ्या पडद्यांवर चित्र लावून दहा मिनिटं तसंच चालू ठेवा आणि मग स्विचमधला ग्रूपचा तक्ता उघडा. प्रत्येक गट-पत्त्यासमोर बघणाऱ्यांचीच पोर्टं दिसली पाहिजेत. अभिषेकाच्या पावत्यांचं पोर्ट तिथे दिसता कामा नये.

स्विचमध्ये क्वेरियरचा पर्यायच नसेल तर तो स्विच या कामाचा नाही. विकत घेताना खोक्यावर 'आयजीएमपी स्नूपिंग' लिहिलेलं बघून समाधान मानू नका, क्वेरियर आहे का ते विचारून घ्या. दोन्ही गोष्टी एकाच नावाखाली खपवल्या जातात आणि ग्राहक फसतो, याचा मला राग येतो.

अगरशाळेचं कोडं वेगळं आहे. मी पैजेवर सांगते, तिथे काउंटरच्या मागे पाच पोर्टांचा साधा स्विच असेल. त्यातच मॉनिटरचा संगणक आणि त्यातच वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट. मुख्य स्विच इमानदारीने फक्त मॉनिटरने मागितलेलं चित्र अगरशाळेकडे पाठवतो, पण वाटेतला हा साधा डबा ते वायफायलाही देतो. अ‍ॅक्सेस पॉइंट ते हवेत सोडत राहतो. म्हणूनच मॉनिटर बंद असताना वायफाय बरं चालतं. तो डबा बदलून तिथेही स्नूपिंगवाला स्विच बसवा. त्यात वेगळा क्वेरियर चालू करायची गरज नाही. दोन चालू राहिले तर ज्याचा आयपी पत्ता लहान तो काम करतो आणि दुसरा गप्प बसतो, तेव्हा बिघडत काही नाही, पण पुढे कोणी स्विच बदलला की गोंधळ होतो. एकच, तोही मधोमध.

आता पत्ते. मल्टिकास्टचे पत्ते २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंत असतात. त्यातले २३९ने सुरू होणारे आपल्या आवारातल्या वापरासाठी राखलेले आहेत, तेच घ्या. पण २३९.०.०.काहीतरी हा पत्ता टाळा. बसवणारे लोक तो हमखास देतात, कारण लिहायला सोपा. अडचण अशी की स्विचच्या पातळीवर गट-पत्त्याचे फक्त शेवटचे २३ बिट उरतात. त्यामुळे सुरुवातीचा आकडा वेगळा असूनही २३९.०.०.१ आणि २२४.०.०.१ हे दोन्ही स्विचला एकच दिसू शकतात. २२४.०.०.१ हा तर नेटवर्कमधल्या सगळ्या यंत्रांचा पत्ता, तो स्विच नेहमीच सगळीकडे पाठवतो. मग स्नूपिंग चालू असूनही पूर येतो आणि कारण सापडत नाही.

मी अशी मांडणी करते : राउटर १९२.१६८.१०.१, मुख्य स्विच १०.२, रेकॉर्डर १०.५, कॅमेरे १०.११ पासून १०.३४ पर्यंत, बघायचे संगणक १०.५१ पासून पुढे. गट-पत्ते २३९.१०.१०.११ पासून २३९.१०.१०.३४ पर्यंत, म्हणजे कॅमेऱ्याचा शेवटचा आकडा आणि गटाचा शेवटचा आकडा एकच. तळीवरचा कॅमेरा १७ तर त्याचा गटही १७. पोर्ट सम आकड्याचा द्या, कारण त्याच्या पुढचा विषम पोर्ट नियंत्रणाच्या निरोपांसाठी लागतो. हे सगळं एका वहीत लिहून ती वही रेकॉर्डरच्या कपाटातच ठेवा. समिती बदलते, बसवणारा दुसरीकडे काम करायला जातो आणि मग कोणालाच काही माहीत नसतं. देवस्थानाच्या दागिन्यांची नोंद जितक्या काळजीने होते तितक्याच काळजीने ही व्हावी.

बघायच्या संगणकावरही दोन गोष्टी तपासा. कॅमेऱ्यांच्या प्रोग्राममध्ये प्रवाहाचा प्रकार टीसीपीवरून (म्हणजे युनिकास्टवरून) मल्टिकास्टवर न्यावा लागतो, आणि विंडोजच्या फायरवॉलने त्या प्रोग्रामला परवानगी दिलेली असावी लागते. लॅपटॉप असेल आणि त्याचं वायफायही चालू असेल तर तो गटात यायचा निरोप वायफायवरून देऊन बसू शकतो. मग केबलवर चित्र येतच नाही आणि माणूस तासभर कॅमेऱ्याची सेटिंग चाळत बसतो. वायफाय बंद करून बघा.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही. साध्या मल्टिकास्ट प्रवाहाला पासवर्ड नसतो. कॅमेऱ्यात शिरायला पासवर्ड लागतो, पण गट-पत्ता आणि पोर्ट माहीत असलेला त्या नेटवर्कमधला कुठलाही संगणक गटात शिरून चित्र बघू शकतो. तुमच्या पत्रावरून अगरशाळेत उतरणाऱ्या यजमानांचं वायफाय आणि कॅमेरे एकाच नेटवर्कवर दिसतात. अगरशाळेच्या ओसरीत बायका-मुलं वावरतात, पहाटे तळीकडे जातात. ते चित्र शेजारच्या खोलीतल्या अनोळखी माणसाच्या फोनवर दिसण्याची शक्यतासुद्धा राहता कामा नये. पाहुण्यांचं वायफाय वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवर आखलेल्या स्वतंत्र नेटवर्कवर) टाका आणि तिथून कॅमेऱ्यांकडे जाणारा रस्ता बंद करा. ही सोय होईपर्यंत मल्टिकास्ट बंद ठेवा. माझं तुम्हाला हे आग्रहाचं सांगणं आहे.

आणि खरं सांगायचं तर वर्षातले बहुतेक दिवस तुम्हाला मल्टिकास्टची गरजच नाही. एका पडद्यावर चोवीस चौकटी असताना प्रत्येक चौकट हाताच्या तळव्याएवढी असते, तिथे मुख्य प्रवाह वाया जातो. दुय्यम प्रवाह ५१२ केबीपीएसवर ठेवला तर चोवीसांचे मिळून जेमतेम १२ एमबीपीएस होतात, तीन पडद्यांचे ३६. कुठलाही रेकॉर्डर हे सहज देतो. एखादी चौकट मोठी केली की तेवढ्याच कॅमेऱ्याचा मुख्य प्रवाह यावा अशी सोय प्रोग्राममध्ये असते. जत्रेत पोलिसांना सगळं पूर्ण दर्जात हवं असेल, पडदे सहाचे आठ होत असतील, तेव्हा मल्टिकास्ट कामाला येईल. रेकॉर्डिंग मात्र कायम युनिकास्टवरच राहू द्या. मल्टिकास्टमध्ये हरवलेलं पॅकेट कोणी परत पाठवत नाही, आणि चोरीच्या वेळचंच चित्र फुटलेलं निघालं तर काय करणार?

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. कॅमेरे एका व्हीलॅनवर, ऑफिस दुसऱ्या. क्वेरियर चालू आहे, कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनवर चित्र छान दिसतं. ऑफिसमधून कॅमेऱ्याचं वेबपेज उघडतं, पण मल्टिकास्टचं चित्र येत नाही. गेटवे बरोबर आहे. आणखी काय बघू?

वेबपेज उघडतं याचा अर्थ गेटवे, सबनेट मास्क आणि साधं राउटिंग ठीक आहे. मल्टिकास्टचा रस्ता यापेक्षा वेगळा असतो. राउटर किंवा लेयर ३ स्विच (राउटरचं काम करणारा स्विच) मल्टिकास्ट आपणहून एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात नेत नाही. त्याला तसं सांगावं लागतं, त्यासाठी मल्टिकास्ट राउटिंग आणि पिम नावाचा प्रोटोकॉल दोन्ही व्हीलॅनवर चालू करावा लागतो. तुमच्या यंत्रात ती सोय आहे का आणि तिला वेगळा परवाना लागतो का, ते आधी विचारा.

दुसरी जागा कॅमेऱ्यातच आहे. मल्टिकास्टच्या पानावर पत्ता आणि पोर्ट यांच्याखाली टीटीएल असा आकडा असतो. प्रत्येक राउटर ओलांडताना तो एकाने कमी होतो. तिथे १ असेल तर पहिल्याच राउटरवर चित्र संपतं, मग तुम्ही पिमवर कितीही मेहनत घ्या. तुमच्याकडे राउटर एकच आहे, ८ टाकलात तरी पुष्कळ. उगाच २५५ टाकू नका.

पण ऑफिसमधून बघणारे किती? दोघं-तिघं असतील तर पिमच्या वाटेला जाऊ नका. रेकॉर्डरला दोन नेटवर्क पोर्टं असतील तर एक कॅमेऱ्यांकडे आणि एक ऑफिसकडे द्या. ऑफिसला रेकॉर्डरकडून युनिकास्टने चित्र मिळेल आणि कॅमेरे ऑफिसच्या नेटवर्कपासून अलग राहतील. माझ्या मते कारखान्यासाठी हीच मांडणी चांगली. दोन्ही पोर्टांना वेगवेगळ्या सबनेटमधले पत्ते द्या आणि डीफॉल्ट गेटवे एकाच पोर्टवर ठेवा, नाहीतर रेकॉर्डर उत्तरं भलतीकडे पाठवायला लागतो.

मोरजीला आमचं छोटं हॉटेल आहे. रिसेप्शन, किचन आणि बागेत तिघांच्या हातात टॅब्लेट आहेत, वायफायवर कॅमेरे बघतात. एकाच वेळी तिघे बघतात म्हणून मल्टिकास्ट चालू केलं तर चित्र चौकोन चौकोन होऊन फुटतं आणि पाहुणेही वायफायबद्दल तक्रार करतात.

वायफायवर मल्टिकास्ट नको. केबलवर जे फायद्याचं तेच हवेत नुकसानीचं ठरतं. एकाला पाठवलेलं पॅकेट पोहोचल्याची पोच वायफाय घेतं आणि नाही पोहोचलं तर परत पाठवतं. मल्टिकास्टला पोच नसते, हरवलं ते हरवलं. म्हणून चौकोन दिसतात. शिवाय सगळ्यांत लांबच्या फोनलाही ऐकू जावं म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंट मल्टिकास्ट अगदी कमी वेगाने सोडतो. तेवढा वेळ हवा अडून राहते आणि पाहुण्यांचे फोन ताटकळतात. तीन टॅब्लेटना दुय्यम प्रवाह युनिकास्टने द्या. तुमच्या अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये मल्टिकास्टचं युनिकास्ट करून देणारा पर्याय असला तरी तिघांसाठी त्याच्या मागे लागू नका.

ताई, म्हापशाला माझं कापडाचं दुकान आहे. पावसात वीज गेली आणि आली की चारपैकी एखादा कॅमेरा रेकॉर्डरवर दिसेनासा होतो. कॅमेऱ्याची लाइट चालू असते. दर वेळी वेगळा कॅमेरा. माणूस येतो, काहीतरी करतो, पैसे घेतो. पुढच्या पावसात परत तेच.

दादा, तुमचे कॅमेरे आयपी पत्ता राउटरकडून घेताहेत. वीज आली की राउटर आणि कॅमेरे एकाच वेळी जागे होतात, ज्याला जो मिळाला तो पत्ता. रेकॉर्डर मात्र जुन्याच पत्त्यावर शोधत राहतो. माणूस येऊन फक्त नवा पत्ता रेकॉर्डरमध्ये टाकून जात असणार.

पुढच्या वेळी त्याला सांगा की चारही कॅमेऱ्यांना स्टॅटिक, म्हणजे न बदलणारे, पत्ते दे, आणि ते राउटर आपोआप वाटतो त्या (डीएचसीपीच्या) टप्प्याबाहेरचे दे. राउटर शेवटचा आकडा १०० ते २०० असलेले पत्ते वाटत असेल तर कॅमेऱ्यांना ११ ते १४. टप्प्यातलाच पत्ता दिला तर एके दिवशी राउटर तोच एखाद्या गिऱ्हाइकाच्या फोनला देईल आणि दोघांची टक्कर होईल. नवा कॅमेरा जोडताना एका वेळी एकच जोडायचा, कारण एका कंपनीचे सगळे कॅमेरे बहुधा एकच पत्ता घेऊन येतात, १९२.१६८.१.६४ किंवा १९२.१६८.१.१०८ असा. रेकॉर्डरलाही स्टॅटिक पत्ता द्यायचा असेल तर गेटवे आणि डीएनएस रिकामे ठेवू देऊ नका. ते रिकामे राहिले की दुकानात चित्र दिसतं, पण फोनवर सूचना येणं बंद होतं आणि घड्याळ इंटरनेटवरून वेळ घेऊ शकत नाही. पोलिसांत चित्र द्यायची वेळ आली आणि त्यावरची वेळ वीस मिनिटं मागे असली तर मोठा घोळ होतो. वेळेचा विभाग ५:३० आहे ना, तेही बघून घ्या.

मी मस्कतला असतो, आईबाबा डिचोलीला. घरचे कॅमेरे इथून बघता यावेत म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग केलं, ५५४ आणि ८०. चालत नाही. एका मित्राने सुचवलं की मल्टिकास्ट चालू कर.

मल्टिकास्टचा इथे काही संबंध नाही. ते इंटरनेटवरून तुमच्यापर्यंत येणारच नाही.

राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, आयपी पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुमच्या इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांना वाटलेला आहे. अशा जोडणीवर बाहेरून येणारी विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही, तुम्ही कितीही पोर्ट उघडा. आणि चाललं नाही हे आईबाबांच्या दृष्टीने बरंच झालं. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरातले असेच उघडे ठेवलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. हत्यार एकच होतं, कारखान्यातून आलेले आणि कोणी न बदललेले पासवर्ड. दोन्ही फॉरवर्डिंग आजच काढून टाका, राउटरमधलं यूपीएनपी (आपोआप पोर्ट उघडणारी सोय) बंद करा, पासवर्ड बदला. बघण्यासाठी कंपनीचं अ‍ॅप वापरा, त्यात रेकॉर्डर स्वतःहून बाहेर जोडणी करतो म्हणून पोर्ट उघडावा लागत नाही. त्या अ‍ॅपवर भरवसा नसेल तर घरी व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित रस्ता) करून घ्या, पण ते डिचोलीत बसून कोणीतरी नीट लावून द्यायला हवं. फोनवरून आईकडून करवून घेऊ नका.

काणकोणला समुद्राजवळ घर आहे. फाटकावरचा कॅमेरा दिवसभर चालतो, काळोख पडला की बंद. पहाटे आपोआप सुरू. सेटिंग तीन जणांनी बघितली.

सेटिंगचा दोष नाही. काळोख पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो जास्त वीज ओढतो. ती वीज त्याच नेटवर्क केबलमधून येते. केबलच्या टोकाशी गंज असला तर दिवसाची वीज कशीबशी पुरते आणि रात्रीची पुरत नाही. फाटकावरची पेटी उघडा, कनेक्टर काढून उजेडात धरा. आठ सोनेरी पट्ट्यांपैकी एक-दोन हिरवट पडलेल्या दिसतील, खाऱ्या हवेत हे होतंच. केबलचं टोक चार बोटं कापा, आतलं तांबं लखलखीत दिसेपर्यंत मागे जा, नवा कनेक्टर लावा. केबल पेटीत वरून नको, खालून आत घ्या, आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच ठिबकून जाईल. घरापासून फाटक १०० मीटरांपेक्षा लांब असेल तर मात्र नवा कनेक्टर पुरणार नाही, मध्ये पीओई एक्स्टेंडर (केबलमधली वीज आणि चित्र पुढे नेणारा डबा) लागेल.